कांद्याच्या अधिसूचना शनिवारी का निघतात?

गोदाकाठ

काल कॅलेंडर घेऊन बसलो होतो. कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं ती तारीख १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, २८ ऑक्टोबर २०२३, शनिवार. निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ ला, शनिवार. शुल्क काढून टाकल्याचं जाहीर झालं २२ मार्च २०२५ ला, पुन्हा शनिवार. २०१९ ची बंदी २९ सप्टेंबरची, तो रविवार होता. ७ डिसेंबर २०२३ ची मोठी बंदी तेवढी गुरुवारी निघाली, पण रात्री. शुक्रवारी सकाळी लासलगावच्या आवारात ट्रॉल्या उभ्या आणि लिलाव बंद. त्याच दिवशी मुंबई-आग्रा महामार्गावर लोक उतरले.

यात मला कट दिसत नाही. सवय दिसते. बाजार बंद असताना ठरवायचं, उघडेपर्यंत बोंब मारायला कुणी जागेवर नको.

आणि ती अधिसूचना कधीतरी उघडून वाचा. एक छोटा तक्ता असतो. मालाचं वर्णन, आधीचं धोरण ‘मुक्त’, सुधारित धोरण ‘प्रतिबंधित’. खाली ‘या अधिसूचनेचा परिणाम’ म्हणून एक ओळ, तिच्यात तेच पुन्हा. का केलं, कोणत्या आकड्यावर केलं, अवाक्षर नाही. आमची ग्रामपंचायत रस्त्याकडेची टपरी हलवायची झाली तरी नोटिशीत कारण लिहिते हो.

घरचीच गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २०२४, बंदी चालू. १८ तारखेला रविवारी बातमी फुटली की अमित शहांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्र्यांच्या समितीनं तीन लाख टनांच्या निर्यातीला होकार दिला. १७ तारखेला लासलगावला सरासरी भाव क्विंटलला १,२८० होता, तो १९ ला १,८०० झाला. आमची ट्रॉली भरलेली. वडील म्हणाले, थांबू, अजून वर जाईल. लाल कांदा होता, कांदाचाळीत साठवून टिकणारा नव्हे, तरी थांबलो. २० तारखेला केंद्राचे ग्राहक व्यवहार सचिव म्हणाले, बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत आहेच. बुधवारी आम्ही १,४०० च्या आत दिला. त्या दोन दिवसांत ज्यांनी विकलं त्यांचं भलं झालं. आत नक्की काय ठरलं होतं ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. ३१ मार्चही आला नाही, त्याच्या आधीच २२ मार्चला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ बघा. ज्या निर्णयांचा लोकांवर परिणाम होतो ते करताना संबंधित सगळी तथ्यं आपणहून प्रसिद्ध करायची. ज्यांना झळ बसते त्यांना निर्णयाची कारणं द्यायची. २००५ पासून लिहून ठेवलंय.

माझं म्हणणं एवढंच. बंदी घाला, उठवा, तुमचा अधिकार. पण ज्या कागदावर सही केलीत तो नंतर तरी दाखवा. कुणाला चूक वाटत असेल तर बोला.

सुलभा_ठाणे

मला चूक वाटतं. सगळं नाही, पण बरंच.

२०१९ चा डिसेंबर आठवतो का? कांदा शंभरच्या वर गेला होता. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई तेव्हा पाव किलो कांदा घ्यायच्या, तोही निवडून बारीक, म्हणजे नगाला जास्त भरतात. त्यांच्या घरी पाच माणसं. त्यांना विचारा शुल्क शनिवारी लावावं की मंगळवारी.

आणि शनिवारचं म्हणाल तर मी सरकारात असते तर मीही शनिवारीच काढली असती. समजा, बुधवारी जाहीर केलंत की पुढच्या आठवड्यापासून बंदी येतेय. मग काय होणार? चार दिवसांत जेवढे कंटेनर मिळतील तेवढे भरून बंदरावर उभे. ज्यांच्याकडे गोदाम आणि पैसा आहे ते सगळं उचलणार. छोटा शेतकरी तेव्हाही ट्रॉली घेऊन रांगेतच असेल. अर्थसंकल्पातले करबदल आदल्या आठवड्यात सांगतात का कुणी? काही दारं बंदच असावी लागतात.

चाळवाला_येवला

सुलभाताई, राग मानू नका, पण तुमच्या ताईंचा पाव किलो आणि आमची ट्रॉली यांच्यामधे जी माणसं आहेत त्यांच्याकडं कुणी बघतच नाही.

आता ऐका. फेब्रुवारी २०२३ ला सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला, हमाली-तोलाई-गाडीभाडं वजा जाता हातात धनादेश आला दोन रुपयांचा. पेपरात फोटो होता. त्या रविवारी कुठली मंत्र्यांची समिती बसली? कोण रात्री जागलं? राज्यानं नंतर क्विंटलला साडेतीनशे अनुदान दिलं, तेही दोनशे क्विंटलपर्यंत, आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आहे का म्हणून तलाठ्याकडं खेटे.

भाव पडला की मुंबईला अर्ज करा. भाव चढला की दिल्ली चार तासांत जागी होते. आन आम्हाला साठेबाज म्हणतात. चाळीत उन्हाळ कांदा भरला की रोज थोडा थोडा मरतो ताई. वजन उतरतं, कोंब येतात, काजळी धरते. एप्रिलला भरलेल्या शंभर गोण्यातनं ऑक्टोबरला साठ-पासष्ट निघाल्या तर नशीब म्हणायचं. असला साठा करून कोण श्रीमंत होतो?

निवृत्त_टेबल

सगळ्यांच्याच बोलण्यात एक गृहीतक आहे की आत काहीतरी गुप्त शिजतं. मी एका केंद्रीय खात्यात बरीच वर्षं फायली वाचल्यात. कांद्याच्या नव्हे, पण शेजारच्याच. सांगतो आत काय असतं.

एक कागद असतो. देशातल्या साडेपाचशेच्या आसपास केंद्रांवरून रोज भाव येतात. आधी बावीस वस्तूंचे होते, ऑगस्ट २०२४ पासून अडतीस झाल्या. किरकोळ भाव, घाऊक भाव, आठवड्यापूर्वी किती, महिन्यापूर्वी किती, वर्षापूर्वी किती, फरक टक्क्यांत. तो कागद रोज वर जातो. फायलीवरची टिप्पणी त्याच्यावरूनच लिहितात.

आता त्या कागदावर काय नाही ते बघा. शेतकऱ्याला बांधावर काय मिळालं त्याचा रकाना नाही. उत्पादनखर्च नाही. आणि खरी मेख आहे ‘वर्षापूर्वी’ या रकान्यात. चाळवाल्यांनी सांगितलेला तो दोन रुपयांचा हंगाम, त्याच्या पुढच्या वर्षी कांदा नुसता बऱ्या भावाला आला तरी टक्केवारी शंभरच्या घरात दिसते. गेल्या वर्षीची बरबादी यंदाची महागाई म्हणून मोजली जाते. टिप्पणी लिहिणारा बाबू वाईट नसतो. त्याच्यासमोर आकडा असतो आणि आकड्याच्या शेजारी वर गेलेला टक्का असतो.

हाच हिशोब २०२० च्या आवश्यक वस्तू कायद्यातल्या दुरुस्तीत चक्क लिहून ठेवला होता. जूनमधे वटहुकूम निघाला. कांदा मोकळा, पण किरकोळ भाव शंभर टक्के वाढला तर साठामर्यादा लागू शकेल. तुलना मागच्या बारा महिन्यांशी किंवा पाच वर्षांच्या सरासरीशी, दोन्हींपैकी जो भाव कमी असेल त्याच्याशी! जूनमधे मोकळा केला आणि १४ सप्टेंबरला निर्यात बंद केली. तो वटहुकूम ज्या खात्याचा होता आणि निर्यातबंदीची अधिसूचना ज्या कार्यालयाची होती ती दोन वेगळी घरं. एकाच्या घरी बारसं, दुसऱ्याच्या घरी दहावं.

दुसरं, दोष कुणाला लागतो ते बघा. दिल्लीत भाव ऐंशी झाला की कॅमेरा केंद्राच्या दारात. लासलगावला भाव दोन झाला की कॅमेरा राज्याच्या दारात, कारण अनुदान राज्यानं द्यायचं. निर्यात केंद्राच्या हातात, नुकसानीचं बिल राज्याच्या तिजोरीवर. अशा व्यवस्थेत सचिव कुठल्या बाजूला चूक करेल? मी असतो तरी त्याच बाजूला केली असती. बंद दाराआड दुष्टपणा कमी आणि भीती जास्त असते, हा माझा अनुभव.

खरं_सांगतो

टेबलकाका, फार सभ्य शब्दांत सांगितलंत. भीती कशाची हो? मतांचीच ना?

१९९८ ची दिल्ली आठवा. कांदा भडकला, आधी साहिबसिंग वर्मांना हलवलं, सुषमा स्वराजांना दीड महिन्यासाठी बसवलं, तरी निकाल काँग्रेस ५२, भाजप १५. तेव्हापासून प्रत्येक पक्षाच्या डोक्यात एकच धडा बसलाय: शहरात कांदा महागला तर सरकार जातं. शेतकऱ्याचा कांदा सडला म्हणून सरकार गेल्याचं कुणाच्या लक्षात नाही.

आणि एप्रिल २०२४ विसरलात? महाराष्ट्राचा कांदा बंद, पण गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची परवानगी. नाशकात बोंब झाली. लगेच सरकारचं पत्रक आलं: नाही नाही, आम्ही सहा देशांना ९९,१५० टन दिलाय, तोही मुख्यतः महाराष्ट्रातला. ते सगळे जुनेच आकडे एकत्र बेरीज करून दिलेले! मतदान तोंडावर. ४ मे ला बंदी उठली. हे अर्थशास्त्र आहे?

आकडेमोड

खरं_सांगतो, तारखा तुमच्या सिद्धांताला साथ देत नाहीत.

२९ सप्टेंबर २०१९ ला बंदी घातली तेव्हा महाराष्ट्र विधानसभेचं मतदान तीन आठवड्यांवर होतं. २१ ऑक्टोबरला. मतांसाठी करायचं तर कांदापट्ट्यातल्या उमेदवारांच्या पायावर धोंडा कोण पाडेल? डिसेंबर २०२३ ची बंदी मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगडचे निकाल ३ तारखेला लागल्यानंतर आली. मतदार घरी गेल्यावर. त्याच ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाही मनाई झाली होती. आठवडाभरात ती थोडी सैल केली, १७ लाख टन साखरेपर्यंत. म्हणजे त्या दिवशी कुणीतरी ‘कांदा’ नव्हे, ‘अन्नधान्य महागाई’ अशा मथळ्याखाली सगळं एकत्र बघत होतं.

२०१६ पासून रिझर्व्ह बँकेला महागाई चार टक्क्यांवर ठेवायचं कायदेशीर लक्ष्य आहे, दोन वर दोन खाली. ती महागाई ग्राहक किंमत निर्देशांकानं मोजतात. २०१२ पायाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, कांद्याचा एकट्याचा ०.६४. इवलासा दिसतो. पण गव्हाचा भाव वर्षात दुप्पट होत नाही, कांद्याचा तिप्पट होतो. व्याजदर, गृहकर्जाचे हप्ते, सगळं त्या निर्देशांकाला बांधलेलं. नाशिकच्या चाळीतला कांदा स्वस्त ठेवणं हा गृहकर्जाचा हप्ता न वाढवण्याचा सगळ्यात झटपट मार्ग आहे, आणि सरकारच्या खिशाला त्याची एक दमडीही लागत नाही. खर्च दुसऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून अर्थसंकल्पात दिसत नाही.

तो दिसेनासा खर्च मोजायचा प्रयत्न झालाय. ओईसीडी ही देशांची आर्थिक संघटना आणि दिल्लीची इक्रिएर ही संशोधन संस्था, यांच्या २०१८ च्या अभ्यासात २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला धोरणांमुळे मिळालेला आधार शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या उणे १४ टक्के निघाला. खतं, वीज, सगळी अनुदानं धरूनही. म्हणजे वर्षाला सरासरी २.६५ लाख कोटींचा तोटा, २०१७-१८ च्या किमतींनी. अनुदान आपण देतो असं शहराला वाटतं. दिशा उलटी आहे.

सुलभाताई, म्हणून तुमच्या स्वयंपाकाच्या ताईंना स्वस्त कांदा जरूर मिळावा. फक्त त्याचं बिल येवल्याला का जातं, हा प्रश्न आहे.

सुलभा_ठाणे

आकडेमोड, हे पटलं आणि टोचलंही. पण मग पर्याय सांगा. सरकार साठाही करतंच की. ऑगस्ट २०२३ मधे शुल्क लावल्यावर तिसऱ्याच दिवशी २,४१० रुपये क्विंटलनं आणखी दोन लाख टन घेण्याचं जाहीर केलं होतं, आणि आमच्याकडे गाडीवर २५ रुपये किलोनं मिळाला. मी स्वतः रांगेत उभी राहिलेय. चांगला कांदा होता. हेही बंद दाराआडच ठरलं ना? की आपल्या सोयीचं ते धोरण आणि गैरसोयीचं ते कारस्थान?

चाळवाला_येवला

२,४१० चा भाव ऐकून आम्हीबी ट्रॉली भरली होती. प्रत वेगळी, आकार वेगळा, ५५ मिलिमीटरच्या खालचा नको, काजळी नको. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, कुठं घालू? जाहिरातीतला भाव आन काट्यावरचा भाव, मधे नांदूरमधमेश्वरचं धरण आहे.

कंटेनरचा_धनी

वाशीला आहे, कांदा-डाळिंब पाठवतो. माझं दुखणं तिसरंच.

बंदी ही बंदी असती तर सहन झालं असतं. पण बंदी घातली की मागच्या दारानं खिडकी उघडते. मार्च २०२४ मधे बंदी चालू असताना बांगलादेशला ५० हजार आणि अमिरातीला १४,४०० टन मंजूर झाले. पाठवणार कोण? सरकारनं नेमलेली एकच सहकारी निर्यात संस्था. ती आमच्याकडून ई-निविदेनं सगळ्यात कमी भावात घेणार आणि तिकडच्या सरकारनं सांगितलेल्या खरेदीदाराला आपसात ठरलेल्या दरानं देणार, पैसे आगाऊ. बेकायदेशीर काही नाही. पण तिकडचा दर किती ठरला, कुणी ठरवला, मधला फरक कुठं गेला, हे बाजारात कुणाला कळलं नाही. वीस वर्षं ज्यांच्याशी मी धंदा केला ते दुबईवाले मला फोन करून विचारायचे, तुमच्याकडे भाव काय आहे? मी म्हणायचो, तुमच्याकडे काय आहे ते आधी सांगा!

आणि गिऱ्हाईक जातं ते जातं. बांगलादेशनं कांद्याची लागवड वाढवली. बाकीचे पाकिस्तानकडे वळले. २०२५ ला शुल्क शून्य झालं, निर्यात मोकळी, तरी उन्हाळ कांदा हजार-दीड हजारावरच रेंगाळत राहिला. गिऱ्हाईक असं नळ फिरवल्यासारखं परत येत नाही.

एक सांगतो, पुरावा मागू नका. प्रत्येक अधिसूचनेच्या आधी दोन-तीन दिवस बाजारात काही माणसं अचानक थंड होतात. बोली लावत नाहीत. नंतर कळतं का ते.

सुलभा_ठाणे

पुरावा मागणारच. नाहीतर ह्या पारावरच्या गप्पा झाल्या. दोन दिवस बोली न लावणारे दर आठवड्याला असतील. अधिसूचना आली की तेवढेच लक्षात राहतात.

कंटेनरचा_धनी

बरोबर आहे ताई. मागे घेतो. पण ही शंका मनात येते तीच मुळी आतलं काही दिसत नाही म्हणून. फेब्रुवारीत गोदाकाठांच्या ट्रॉलीचं काय झालं? सरकार बोललं असतं तर शंकेला जागाच नव्हती.

खरं_सांगतो

आकडेमोड, २०१९ च्या तारखेवर तुमचं मान्य. पण राजकारण म्हणजे फक्त नाशिकची मतं नव्हेत. कांदा पिकवणारे जिल्हे किती आणि खाणारे किती? देशाचा हिशोब मांडला तर नाशिक तोट्यात गेलं तरी चालतं. तसंच झालं. २०२४ च्या लोकसभेला महायुतीच्या हातून नाशिक गेलं, दिंडोरी गेलं, तिथे तर केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. मग १३ सप्टेंबरला किमान मूल्य काढलं, शुल्क ४० वरून २० वर. विधानसभा दोन महिन्यांवर होती. हाही योगायोग?

आकडेमोड

नाही, हा योगायोग नाही. हे मान्य. पण पुढचं वाक्य तुम्ही टाळलंत. नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला गेल्या. शुल्क तेव्हाही २० टक्के होतंच. मधे काय झालं होतं? लाडकी बहीण. महिन्याला दीड हजार, थेट खात्यात.

याचा अर्थ मतदार विसराळू असा मी घेत नाही. ज्या घरातला कांदा पडेल भावानं गेला त्याच घरातल्या बाईच्या खात्यात पैसे आले. कांद्याचा तोटा कुणी केला ते अधिसूचनेच्या तक्त्यात शोधावं लागतं. दीड हजार कुणी दिले ते मोबाइलवरच्या मेसेजमधे लिहून येतं. कुठल्याही सरकारला यातून काय शिकायला मिळेल?

चाळवाला_येवला

आमच्या मंडळीच्या खात्यातबी आले. खोटं कशाला बोलू. त्यातनंच कांद्याचं बी घेतलं.

गोदाकाठ

चर्चा निवडणुकीत वाहून चाललीय. माझा मुद्दा कागदाचा होता. मी बंदीच्या काळात एका खात्याला माहिती अधिकारात विचारलं होतं, बंदी का घातली, कोणाच्या सांगण्यावरून. उत्तर तीन ओळींचं आलं. कलम ८(१)(आय), मंत्रिमंडळाचे कागद, सचिवांची चर्चा, देता येत नाही. अपील केलं नाही. वडील म्हणाले, खुरपणीला माणूस मिळेना आणि तू टपाल कसलं करतोस.

निवृत्त_टेबल

गोदाकाठ, दोन चुका केल्यात. रागावू नका, टेबलावर बसून असले शेकडो अर्ज बघितलेत.

पहिली, ‘का’ असं विचारायचं नसतं. कायद्यात ‘माहिती’ म्हणजे कार्यालयात असलेला कागद. ‘का’ला उत्तर नसतं, म्हणून आम्ही खूश व्हायचो. ‘का’ दिसला की अर्ज निकाली.

दुसरी, ८(१)(आय) पूर्ण वाचलं नाहीत. तिथेच खाली परंतुक आहे. निर्णय झाल्यावर, प्रकरण पूर्ण झाल्यावर किंवा संपल्यावर तो निर्णय, त्याची कारणं आणि ज्या सामग्रीच्या आधारे तो घेतला ती जाहीर करायचीच आहे. तुम्ही बंदी चालू असताना विचारलंत. आता डिसेंबर २०२३ चा विषय ४ मे २०२४ ला संपलाय. शुल्कही १ एप्रिल २०२५ ला संपलं. आता ‘चालू आहे’ म्हणता येणार नाही.

सुलभाताईंचा गुप्ततेचा मुद्दा निर्णयाच्या आदल्या दिवसापुरता खरा आहे. तिथं मी त्यांच्याच बाजूचा. पण दोन वर्षांनी कोणता व्यापारी कोणता कंटेनर पळवणार आहे?

आणखी एक. जानेवारी २०२५ मधे परकीय व्यापार धोरणात दोन परिच्छेद घातलेत. आयात-निर्यातीचं धोरण बदलण्याआधी संबंधितांची मतं मागवायची, ती मान्य केली नाहीत तर कारण कळवायची सोय करायची. वाचून बरं वाटलं. मग पुढची ओळ वाचली: अपवादात्मक परिस्थितीत सरकार हे न करताही निर्णय घेऊ शकेल. कांदा नेहमी अपवादात्मकच असतो.

खरं_सांगतो

म्हणजे दार उघडलं आणि आत पडदा लावला.

निवृत्त_टेबल

पडदा असला तरी बिजागऱ्या आहेत ना. अर्ज असा लिहा. ‘अमुक दिनांकाच्या अधिसूचनेच्या फायलीतील टिप्पण्यांच्या प्रती; टिप्पणीसोबत जोडलेले भावांचे तक्ते; त्यात शेतकऱ्याला मिळणारा भाव किंवा उत्पादनखर्च याबाबत जोडलेला कागद असल्यास त्याची प्रत; नसल्यास तशी नोंद.’ शेवटचा भाग महत्त्वाचा. तसा कागद नाही, हे त्यांना लिहून द्यावं लागेल. पाचशे शब्दांच्या आत ठेवा, दहा रुपये शुल्क, केंद्राच्या पोर्टलवर घरबसल्या होतं. खातं एक नाही, तीन आहेत: निर्यातबंदीला वाणिज्य, शुल्काला अर्थ, भावाच्या तक्त्याला ग्राहक व्यवहार. तिन्हीकडे वेगवेगळे टाका, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे ढकलेल आणि तीस दिवस त्यातच जातील.

गोदाकाठ

रात्री टाकतो. तारखा आहेतच माझ्याकडे. १८ ते २० फेब्रुवारी २०२४ च्या बैठकीचं इतिवृत्तही मागतो.

सुलभा_ठाणे

माझे दहा रुपये घ्या आणि माझाही एक प्रश्न घाला. सरकारी साठ्यातला कांदा २०२३ मधे कोणत्या बाजारातून, कोणाकडून, किती भावानं घेतला आणि कोणत्या शहरात किती विकला, त्याचे तक्ते. चाळवाले म्हणतात त्यांचा घेतला नाही. मी म्हणते मी खाल्ला. मग तो आला कुठून?

चाळवाला_येवला

हे बाकी लाखातलं विचारलंत ताई. माझ्या नावावरबी एक अर्ज टाका, मला ते पोर्टल उघडत नाही. आधारचा नंबर लागतो का त्याला?

निवृत्त_टेबल

नाही लागत. नाव, पत्ता आणि ईमेल पुरे.